खांद्यावरचे भय : दूरदर्शनचा बेताल आणि आजीचा वेतोबा

१९८५ साली रविवारी दुपारी साडेचारच्या सुमारास परळच्या आमच्या चाळीत एका खोलीबाहेर चपलांचा ढीग पडायचा. मजल्यावरचा एकुलता एक टीव्ही त्या खोलीत होता. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. ‘विक्रम और बेताल’ सुरू झाले की मी दाराजवळची जागा धरायचो, म्हणजे वेळ आलीच तर पळता येईल. ती वेळ बहुतेक दर रविवारी यायची.

रामानंद सागर यांची ही मालिका. राजा विक्रमाचे काम अरुण गोविल यांनी केले होते आणि बेतालाचे सज्जन यांनी. पुढे जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झाले, गोविल राम झाले, आणि आमच्या चाळीतल्या बायका पडद्याला हात जोडू लागल्या. पण त्याआधी याच मंडळींनी आम्हा मुलांची झोप उडवली होती, हे आज फारसे कोणी बोलत नाही. दूरदर्शनवरच्या पौराणिक मालिकांवर भरपूर लिहिले गेले. त्यांच्या आधीच्या या भुताच्या मालिकेची मात्र स्मरणरंजनाच्या दोन ओळींत बोळवण होते.

गेली काही वर्षे माझ्या वयाची माणसे भेटली की मी त्यांना एक प्रश्न विचारतो : बेतालाने सांगितलेली एखादी गोष्ट आठवते का? बहुतेकांना एकही आठवत नाही. झाड आठवते, उलटे लोंबणारे ते पांढऱ्या केसांचे ध्यान आठवते, हसणे आठवते, आणि राजा बोलला रे बोलला की ते उडून जाणे तर सगळ्यांनाच आठवते. ज्या गोष्टींसाठी हा खटाटोप, त्या विसरल्या गेल्या आणि गोष्टींना बांधणारी दोरी तेवढी लक्षात राहिली. याचे कारण काय असावे?

नेहमीचे उत्तर असे, की रंगभूषा आणि ट्रिक-दृश्ये त्या काळी नवी होती, म्हणून मुले घाबरली. हे मला पटत नाही. साठी ओलांडलेले सज्जन पांढऱ्या दाढीकेसांत भीतिदायक कमी आणि खट्याळ आजोबा जास्त वाटतात. त्यांचे उडणे तर इतके कच्चे आहे की आजचे पोर हसेल. खरे सांगायचे तर आम्हीही हसायचो. हसायचो आणि तरीही रात्री मोरीत एकटे जायचो नाही.

शिवाय वेताळ आम्हाला नवा नव्हता. मराठीत ‘वेताळपंचविशी’ एकोणिसाव्या शतकापासून छापली जात आहे, आणि आमच्या पिढीने तर ‘चांदोबा’ मासिकात त्याला महिन्याच्या महिन्याला पाहिले होते. शंकर या चित्रकाराने काढलेले ते चित्र कोण विसरेल? हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती स्मशान. त्या चित्राकडे मी तासन्‌तास बघत बसलो आहे, पण त्याने मला कधी छळले नाही. चित्र माझ्या हातात होते; भीती वाटली की पान उलटावे, धीर आला की पुन्हा मागे यावे. पडद्यावरच्या वेताळाला असे उलटता येत नव्हते. आणखी एक फरक होता. मूळ कथेत झाडाला लटकते ते प्रेत, आणि वेताळ त्यात शिरलेला असतो. मालिकेत ही दोन्ही एकच झाली. प्रेत गेले, आणि राहिला तो बोलणारा, टोमणे मारणारा, पाठीवरून न उतरणारा म्हातारा. मेलेल्यापेक्षा असा जिवंत माणूस मुलाला अधिक ओळखीचा असतो.

पण माझ्या मते भीतीचे खरे मूळ वेताळाच्या अटीत आहे. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील. बोललास तर मी निघालो झाडाकडे. दोन्हीकडून कोंडी. मोठ्यांना हे बुद्धीचे कोडे वाटते. मुलाला मात्र हे त्याचे रोजचे जगणे वाटते.

माझे तरी होते. आम्ही वेंगुर्ल्याकडचे. शाळेत मला उत्तरे यायची, पण तोंड उघडले की मालवणी हेल बाहेर पडायचा आणि वर्ग हसायचा. गप्प बसलो तर छडी. घरीही तेच. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि बाबांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडलीच नाही. सकाळी डबा घेऊन ते कुठे जातात ते आम्हा भावंडांना माहीत होते : कुठेच नाही. बोललो असतो तर त्यांची लाज उघडी पडली असती. न बोलता डोक्यात ते घेऊन हिंडायचे, तर रात्री खरेच डोके फुटेल असे वाटे. राजाच्या खांद्यावर काय आहे ते मला चांगले कळत होते. मालिका संपायच्या आधीच मी त्या खोलीत जाणे सोडले. शेवटचा भाग मी पाहिला नाही.

दहावीनंतर माझे शिक्षण सुटले. पुढचे वाचन नोकरी सांभाळून, ग्रंथालयांच्या मेहेरबानीवर झाले. ‘कथासरित्सागरा’चा मराठी अनुवाद हातात पडला तेव्हा मी पस्तिशीत होतो. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचलेल्या या ग्रंथात वेताळाच्या कथा येतात, आणि तिथे पहिलाच धक्का बसला : राजाचे नाव त्रिविक्रमसेन, आणि त्याचे नगर गोदावरीकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. दुसरा धक्का मोठा होता. एक भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो. फळात रत्न असते, हे एका माकडामुळे उघडकीस येते. या उपकारापोटी राजा त्याच्यासाठी स्मशानातले प्रेत आणायला जातो. तेवीस वेळा राजा उत्तर देतो, तेवीस वेळा वेताळ परत जातो. चोविसावा प्रश्न नात्यांच्या गुंत्याचा आहे : बापाने मुलीशी आणि मुलाने आईशी लग्न केले, तर त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय? राजाला उत्तर सुचत नाही. तो गप्प चालत राहतो.

आणि वेताळ प्रसन्न होतो. तो राजाला सावध करतो, की हा भिक्षू तुझाच बळी देणार आहे. साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा ‘आधी तूच करून दाखव’ म्हण आणि तो वाकला की त्याचे मस्तक उडव. राजा तसेच करतो आणि वाचतो.

म्हणजे मी ज्याला भ्यायलो तो राजाचा तारणहार होता, आणि मारेकरी होता तो रोज फळ आणून देणारा. कोंडी फुटली तीही हुशारीने फुटली नाही. राजाला पहिल्यांदाच उत्तर माहीत नव्हते, म्हणून त्याचे मौन खरे ठरले. ठाऊक असून गप्प राहणे आणि ठाऊक नाही म्हणून गप्प राहणे यांत ही कथा फरक करते. बारा वर्षांच्या मुलाला हा फरक कोणी सांगितला असता तर फार बरे झाले असते.

इथे मालिकेच्या माध्यमाचा दोष येतो. कथाचौकट म्हणजे सगळ्या गोष्टींना धरून असलेली मोठी गोष्ट. आठवड्याच्या हप्त्यांत तिचा भीतीचा भाग दर वेळी नव्याने दाखवला जातो आणि सुटकेचा भाग एकदाच, अगदी शेवटी. मध्येच सुटलेल्या मुलाकडे फक्त भीती उरते. ‘चांदोबा’ने तर सुटका कायमची लांबणीवर टाकली होती, पण तिथे निदान पान आपल्या हातात असे. मुलांना घाबरवू नये, असे आजकाल सरसकट म्हटले जाते. मला ते मान्य नाही. भयकथा मुलाला पेलते. अर्धी भयकथा पेलत नाही. तिचा शेवट घरातल्या कोणीतरी जवळ बसून सांगावा लागतो.

आमच्या घरात तसे माणूस होते, हे मला उशिरा उमगले. त्या वर्षी आजी गावाहून आली होती. एका रविवारी ती माझ्या शेजारी बसली आणि पडद्यावर बेताल आला तशी तिने हात जोडले. पोरे खिदळली. ती मला म्हणाली, “तेका कित्याक भियातंस? तो आपलो वेतोबा. राखणदार आसा.” मला तिची लाज वाटली.

आमच्याकडे आरवलीला वेतोबाचे मोठे देऊळ आहे. गोव्यात लोलये, आमोणे इथेही वेताळाचे स्थान आहे. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, त्यात त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला चामड्याच्या नव्या वहाणा वाहतात. ‘कथासरित्सागर’ न वाचलेल्या माझ्या आजीला त्या कथेचा शेवट ठाऊक होता. स्मशानातला हा म्हातारा आपल्या बाजूचा आहे, एवढे तिला पुरेसे होते.

गेल्या वर्षी आरवलीला गेलो. देवळात वाहिलेल्या मोठमोठ्या वहाणा पाहिल्या आणि चाळीतल्या त्या दाराबाहेरचा चपलांचा ढीग आठवला. बाबा जाऊन बरीच वर्षे झाली. ते डबा घेऊन कुठे जायचे, हे मी त्यांना शेवटपर्यंत विचारले नाही. वेतोबापुढे ते पहिल्यांदा मोठ्याने बोललो, मालवणीतच.