एकभक्त, नक्त आणि पंचावन्न मिनिटे

डॉ. श्रीकांत जिचकर यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर पोहोचविलेला दोन वेळच्या जेवणाचा विचार आता गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गात रूढ झाला आहे. कडक भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवावे, एवढेच त्याचे सूत्र. त्यावर भाष्य करणारे बहुतेक लेखक मात्र लगेच ‘हे तर आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते’ असा निर्वाळा देतात. या विधानाची परीक्षा होणे अगत्याचे आहे.

म. म. पां. वा. काणे यांनी गिरगावातील आंग्रेवाडीत राहून सिद्ध केलेल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा व्रतविषयक भाग 1958 साली प्रसिद्ध झाला. एकभक्त म्हणजे दिवसा एकदाच भोजन, नक्त म्हणजे केवळ रात्री भोजन, अयाचित म्हणजे न मागता मिळेल तेवढेच, आणि उपवास म्हणजे निराहार, हे भेद शास्त्रकारांनी काटेकोरपणे पाळले आहेत. काळाच्या मर्यादेचे साम्य येथे निःसंशय आहे. परंतु हेतू पुण्याचा आहे, वजनाचा नव्हे. शिवाय आजची एकादशी साबुदाण्याच्या खिचडीवर उभी आहे. साबुदाणा हा कसाव्याचा निव्वळ पिष्ट. तो कंद अमेरिकेतून आलेला, म्हणजे जुन्या स्मृतिकारांना अज्ञातच! दाण्याचे कूट आणि तूप घालून तो दुप्पट खाल्ल्यावर इन्शुलिनला विश्रांती कशी मिळणार?

आधुनिक पुराव्याबाबतही हीच घाई दिसते. ओसुमी यांना 2016 साली नोबेल मिळाले ते प्रामुख्याने यीस्टपेशींवरील संशोधनाबद्दल. त्यावरून माणसाच्या दीर्घायुष्याचा निष्कर्ष काढणे धाडसाचे होय. ग्वांगझौ येथे 139 स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेल्या आणि 2022 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, उष्मांक सारखेच कमी केले असता, सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात जेवणाऱ्यांचे वजन सुमारे 8 किलो, तर वेळेचे बंधन नसणाऱ्यांचे 6.3 किलो घटले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. वेळेचे बंधन कमी खाण्यास सोयीचे पडते, इतके म्हणणे प्रस्तुत लेखकास मान्य आहे.

परळ-लालबागच्या गिरण्यांत तर जेवणाची वेळ पाळी ठरवीत असे. तेथील रिकाम्या पोटाला कोणी आरोग्य म्हटले नाही.

खरा धोका निराळाच आहे. साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्शुलिन घेणारी वृद्ध स्त्री व्रत म्हणून अन्न वर्ज्य करते, औषध मात्र नेमाने घेते. अशा वेळी साखर एकदम खाली जाऊन शुद्ध हरपू शकते. ज्या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही असे शास्त्र सांगते, त्यांत पाणी, कंदमुळे, फळे, दूध यांच्या जोडीला गुरुवचन आणि औषधही आहे. पूर्वजांचा दाखला देणाऱ्यांनी नेमकी हीच यादी वाचलेली दिसत नाही.