काळोखाचे राज्य आणि एक अंत्यविधी

गावचा प्रमुख मरण पावला आहे. त्याचे शव घरातच पडून आहे. मुलगा आणि मानलेली मुलगी शवाशेजारी बसली आहेत. परंतु शवपेटीला खांदा देऊन दफनभूमीपर्यंत चालण्यास गावातील एकही माणूस धजत नाही. डोंगरावरील किल्ल्याचा धनी सारे पाहत आहे, या भयाने प्रत्येक दाराला आतून कडी आहे. अशा या गावात चार-पाच परके वाटसरू धुक्यातून येऊन पोहोचतात, आणि त्यांच्यापुढे येणाऱ्या पहिल्या कामांपैकी एक असते ते या मृताला मूठमाती देण्याचे.

हा प्रसंग कोणत्याही कादंबरीतील वा नाटकातील नाही. तो एका खेळातील आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. तो स्थळ, प्रसंग आणि तेथील माणसे शब्दांनी उभी करतो. इतर प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेऊन आपण काय करणार ते सांगतो. यश की अपयश, याचा निवाडा बहुधा वीस बाजूंचा फासा करतो. येथे कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. सर्वांनी मिळून एक कथा रचावयाची असते. अशा खेळासाठी कोणीतरी आधी जग निर्माण करून ठेवावे लागते. ‘रेव्हनलॉफ्ट’ हे त्या जगांपैकी एक काळोखे आणि गाजलेले जग.

१९८० च्या दशकात अमेरिकेतील काही पालकांनी व धर्मोपदेशकांनी या खेळावर सैतानपूजेचा आरोप केला. तो आरोप सिद्ध झाला नाही. तथापि, पिशाच, थडगी आणि शाप यांनी भरलेला खेळ आपली मुले खेळू लागली तर आपल्या घरांतही मनात शंका येणे स्वाभाविक आहे. ती शंका झटकून टाकावी असे आम्ही म्हणत नाही. केवळ मुखपृष्ठ पाहून निवाडा करू नये, आतील जग कशावर उभे आहे ते तपासावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

या जगाचे कर्ते ट्रेसी व लॉरा हिकमन हे मॉर्मन पंथाचे दांपत्य. एका खेळात ट्रेसी यांच्या पात्राची तळघरात एका रक्तपिपासू पिशाचाशी गाठ पडली, आणि त्यांना प्रश्न पडला : हा येथे करतो काय? तो आला कोठून? त्याला हवे आहे काय? राक्षसाला कारण हवे, या एका प्रश्नातून पुढील सारे निघाले. सकल संतांच्या सणाच्या आदल्या रात्री, म्हणजे हॅलोविनला, दरवर्षी हे दांपत्य मित्रांसह ही कथा खेळत असे. सुमारे पाच वर्षांच्या या मशागतीनंतर १९८३ साली ती बत्तीस पानांच्या पुस्तिकेत प्रसिद्ध झाली.

कथा जुनीच आहे. स्ट्राड नावाच्या सरदाराचे तारुण्य युद्धात गेले. धाकटा भाऊ सर्गेई देखणा आणि तरुण. त्याची वाग्दत्त वधू तात्याना हिच्यावर स्ट्राडचे मन जडले. तिच्या प्राप्तीसाठी त्याने मृत्यूशी करार केला आणि विवाहाच्याच दिवशी भावाचा खून केला. तात्यानाने किल्ल्याच्या तटावरून स्वतःला झोकून दिले. स्ट्राडला मरण उरले नाही. सभोवती धुक्याची भिंत उभी राहिली. पिढ्यान्‌पिढ्या तात्यानासारखी एखादी तरुणी त्या प्रदेशात जन्मते, तो तिच्या मागे लागतो आणि प्रत्येक वेळी तिला गमावतो. त्या शवाशेजारी बसलेली मुलगी हीच या पिढीची तात्याना. काइन व हाबेल यांची कथा ज्यांनी बालपणी ऐकली आहे, त्यांना ही ओळख करून द्यावयास नको.

आमच्या मते या निर्मितीचे खरे बळ येथे आहे. काळोखे जग रचू पाहणारे अनेक जण आधी स्मशाने, वटवाघळे आणि सांगाडे गोळा करतात. हिकमन दांपत्याने आधी एक पाप निवडले आणि मग त्या पापाच्या मापाने प्रदेश बेतला. स्ट्राड तेथला राजा आहे आणि पहिला बंदीवानही तोच आहे. दान्तेच्या नरकात शिक्षा पापाच्याच आकाराची असते; हाच न्याय येथे भूगोल होऊन पसरला आहे. २०१६ साली या कथेची ‘कर्स ऑफ स्ट्राड’ ही अडीचशेहून अधिक पानांची आवृत्ती निघाली. तिच्या प्रस्तावनेत ट्रेसी हिकमन यांनी बजावले आहे, की पुरेसे प्रेम दिले तर छळणारा पुरुष बदलेल हा अलीकडच्या पिशाचकथांनी रंगविलेला समज घातक आहे. आपल्या घरांतील मुलींनी ऐकावे असेच हे आहे.

१९९० साली रेव्हनलॉफ्टचा विस्तार होऊन अशा अनेक शापित प्रदेशांचे जग तयार झाले. ब्रूस नेस्मिथ व अँड्रिया हेडे यांच्या त्या ग्रंथात एक विलक्षण नियम आहे. खेळाडूच्या पात्राने दुष्कृत्य केले की फासा टाकावयाचा. दान विरुद्ध पडले तर अज्ञात काळ्या शक्ती त्याला शिक्षा करीत नाहीत. त्या त्याला देणगी देतात, आणि देणगीच्या पाठीला बांधलेला एक शापही. रात्री दिसू लागते, परंतु डोळे श्वापदाचे होतात. अशी एकेक पायरी उतरता उतरता ते पात्र शेवटी खेळाडूच्या हातातून निसटते आणि स्वतःच एखाद्या बंदिस्त राज्याचे स्वामी होते. पाप आधी लाभाच्या रूपाने येते, ही गोष्ट उपदेशातून अनेकदा ऐकूनही कळत नाही. आपल्याच हातातील फाशाने ती कळावी, ही कल्पकता आम्हांस दाद देण्याजोगी वाटते.

दुसरे उदाहरण त्या नव्या आवृत्तीतील मठाधिपतीचे. तो वस्तुतः देवदूत आहे. लोकांच्या कल्याणासाठी तो या प्रदेशात आला. स्ट्राडला वधू मिळाली की शाप फिटेल, अशी त्याने समजूत करून घेतली आणि मृतांचे अवयव जोडून तो तशी वधू घडवीत बसला आहे. आपण काही वाईट करीत आहोत याचा त्याला पत्ताच नाही. सत्कार्याच्या अहंकाराने झालेला अधःपात इतक्या थोडक्यात दाखविणे सोपे नव्हे.

आता दोष. पहिला दोष गंभीर आहे. या जगात ‘व्हिस्तानी’ नावाचे भटके लोक येतात. ते युरोपातील रोमा समाजावरून बेतलेले. मद्यपी, चोर, भविष्य सांगणारे आणि स्ट्राडचे हस्तक, असे त्यांचे चित्र दीर्घकाळ रंगविले गेले. ज्या समाजातील लाखो माणसे नाझींनी ठार केली, त्याच्यावर हा शिक्का मारणे म्हणजे अंधाराला परक्याचा चेहरा देणे होय. प्रकाशकांनी २०२० साली ही वर्णने सुधारली, हे नोंदविले पाहिजे. पण आपणही बोट दाखविण्यापूर्वी थांबावे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. पारध्यांच्या कपाळावरून तो आपण अद्याप पुसलेला नाही.

दुसरा दोष उसनवारीचा. विस्ताराच्या भरात एकेका गाजलेल्या भयकथेवरून एकेक प्रदेश कापून काढला गेला आणि पुष्कळदा पापाऐवजी केवळ वेश उरला. २०२१ च्या ‘व्हॅन रिक्टेन्स गाइड टू रेव्हनलॉफ्ट’ या ग्रंथातील कलाकेरी हा भारतीय धाटणीचा प्रदेश मात्र सिंहासनासाठी झुंजणाऱ्या सख्ख्या भावंडांवर उभा आहे. भाऊबंदकीची ही कथा समजावयास आपल्याला धुक्याची गरज नाही. कोणते भय खेळात आणावयाचे नाही हे सर्वांनी आधी बसून ठरवावे, असा सल्लाही या ग्रंथात आहे. भयालाही मर्यादा हवी, हा विचार स्वागतार्ह होय.

तिसरा प्रश्न आमच्या मनाला अधिक सलतो. स्ट्राडचा नाश झाला की धुके विरते, कित्येक वर्षांनी ऊन पडते, लोक सीमा ओलांडू शकतात. परंतु ग्रंथ पुढे सांगतो, की काळ्या शक्ती काही काळाने त्याला पुन्हा उठवतील. त्याला पश्चात्ताप नाही, म्हणून अंत नाही. न्याय आहे, क्षमेचे दार मात्र कोठे दिसत नाही. पापनिवेदनाच्या जाळीपुढे गुडघे टेकलेल्या वाचकाला ही उणीव खटकणारच. पण पश्चात्ताप लादता येत नाही. लादला तर स्ट्राडचे स्वातंत्र्य जाईल, आणि त्याबरोबर त्याच्या पापाचा अर्थही. म्हणून ही रचना अपुरी असली तरी खोटी नाही, असे आमचे मत आहे.

क्षमा नसेल, दया मात्र तेथे आहे, आणि ती खेळाडूंच्या हाती सोपविली आहे. पुन्हा त्या पहिल्या घराकडे वळू. या मृताला पुरल्याने स्ट्राडचे बळ तिळभरही कमी होत नाही. नियमपुस्तकाच्या हिशेबी वाटसरूंनी तेथून सरळ पुढे जाण्यास काही हरकत नाही. तरीही टेबलाभोवती बसलेली मुले त्या पेटीला खांदा देतात की नाही, यावर त्या रात्रीचा खेळ काय होता हे ठरते. मृतांना पुरणे हे सात शारीरिक दयाकृत्यांपैकी एक, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांनी पाठ केलेले असते. पालकांनी मुलांना या खेळाबद्दल काही विचारावयाचेच असेल, तर तुम्ही किती पिशाचे मारली हे विचारू नये. त्या घरातील म्हाताऱ्याला पुरले का, हे विचारावे.