हजार वॅट आले कोठून?

खोक्यावर ठळक अक्षरांत '१००० वॅट पीएमपीओ' आणि त्याच यंत्राच्या पाठीवर बारीक अक्षरांत '२३० व्होल्ट, ३० वॅट'. अशी जोडी आपल्यापैकी अनेकांच्या पाहण्यात आली असेल. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकलेल्या विद्यार्थ्याने येथे विचारायलाच हवे, की भिंतीतून ३० वॅट घेणारे यंत्र १००० वॅट देते कोठून?

याचे ठरलेले उत्तर असे, की हा आकडा सततच्या शक्तीचा नसून संगीतातल्या एखाद्या क्षणाच्या शिखराचा आहे. कल्पना अगदीच खोटी नाही. यंत्रातल्या कपॅसिटरमध्ये ऊर्जा साठलेली असते व ती क्षणभर वेगाने बाहेर काढता येते. पण किती? आपण हिशोबच करू. २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १२ व्होल्टपर्यंत भारला, तर त्यात सुमारे ०.१६ ज्यूल ऊर्जा मावते. १००० वॅटच्या दराने ती सेकंदाच्या सहा हजाराव्या भागात संपेल. एवढ्यात तबल्याची थापही पुरी होत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. १२ व्होल्टवर चालणाऱ्या साध्या मंडलात स्पीकरला मिळणारे व्होल्टेज मध्यापासून फार तर ६ व्होल्ट वरखाली होऊ शकते. स्पीकर ४ ओहमचा असेल तर शिखरावर ३६ भागिले ४, म्हणजे ९ वॅट. साइन तरंगाची सरासरी याच्या निम्मी, ४.५ वॅट. दोन स्पीकर मिळून ९ वॅट झाले. ओहमचा नियम जाहिरात वाचत नाही! पीएमपीओ कसा मोजावा याची सर्वमान्य व्याख्याच नसल्यामुळे तो आकडा खोटा ठरवणेही कठीण. आमच्या मते तो मोजमापच नव्हे.

मग वॅटचा आकडा विश्वासार्ह कधी म्हणायचा? अमेरिकेत असाच गोंधळ माजल्यावर तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला. शक्ती सांगायची तर ती सततची सरासरी सांगा, आणि सोबत किती ओहमवर, कोणत्या कंप्रतांमध्ये व किती डिस्टॉर्शनसह, हेही सांगा. नियम चांगला होता, पण या अटी निवडणे उत्पादकाच्याच हाती राहिले. एकाच कंप्रतेवर, १० टक्के डिस्टॉर्शन चालवून घेतले की वॅट सहज फुगतात. ही पळवाट बुजायला २०२४ साल उजाडले. आता तेथे ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ आणि १ टक्क्याहून कमी डिस्टॉर्शन या अटी ठरवून दिलेल्या आहेत.

डिस्टॉर्शनचा आकडा सहसा खरा असतो, पण अपुरा. '०.१ टक्का' हे माप बहुधा पूर्ण शक्तीजवळ घेतलेले असते. पुष्कळ अँप्लिफायरांत तरंगाचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर हाताळतो, खालचा दुसरा. काम हातून हाती जाताना, शून्याजवळ, तरंगाला बारीक खोच पडते. आवाज लहान केला तरी खोच फारशी लहान होत नाही. म्हणून तिची टक्केवारी वाढते. घरी आपण ऐकतो ते बहुधा एखाद्या वॅटवर, आणि छापील आकडा तेथे गप्प बसतो. शिवाय एकूण टक्केवारी सारखी असली तरी वरच्या पटींतले हार्मोनिक कानाला अधिक खुपतात.

शाळेच्या सभागृहासाठी ५० वॅटचा घ्यावा की ६० वॅटचा, यावर मात्र फार वेळ घालवू नये. या दोहोंत फरक १ डेसिबेलपेक्षाही कमी, म्हणजे कानाला जेमतेम कळेल एवढाच. आवाज दुप्पट मोठा वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते. त्याऐवजी ३ डेसिबेलने अधिक संवेदनशील स्पीकर निवडला, तर अँप्लिफायर न बदलता दुप्पट वॅटचे काम होते. हा आकडा खोक्यावर क्वचितच दिसतो. दुकानदाराकडे माहितीपत्रक मागून त्यात शोधावा लागतो.