कर्ता गाळलेले शहर

मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये ‘मुंबई वातावरण कृती आराखडा’ प्रसिद्ध केला. सी-४० हे जागतिक महानगरांचे जाळे आणि डब्ल्यूआरआय इंडिया ही संस्था तिच्या जोडीला होती. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन हे ध्येय. ऊर्जा व इमारती, वाहतूक, कचरा, हिरवाई, हवा आणि पूर व जलव्यवस्थापन हे सहा मार्ग. साहित्यकृतीला आपण जो प्रश्न विचारतो, तोच मी या आराखड्याला विचारतो : यात माणूस कुठे आहे?

पूर आणि दरडी यांचा पहिला तडाखा झोपडवस्त्यांना बसतो, हे आराखडा मान्य करतो. त्याचे श्रेय मी नाकारत नाही. परंतु वस्तीतला माणूस अशा योजनांत येतो तो ‘असुरक्षित घटक’ म्हणून, ज्याला वाचवायचे आहे असा. हे शहर रोज वाचवणारा तोच आहे, ही जाणीव तिथे दुबळी पडते. मुळात नियोजनाची भाषाच कर्मणी प्रयोगाची आहे. कचरा उचलला जातो, नाले उपसले जातात. कोणाकडून? व्याकरणात कर्ता गाळता येतो. गटारात उतरताना तो गाळता येत नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुढे ‘मुंबई पुन्हा उभी राहिली’ म्हणून तिच्या जिद्दीचे गोडवे गायले गेले. पण चिखल, कुजलेला माल आणि मेलेली जनावरे ज्या हातांनी उचलली, त्या हातांची जात कोणी विचारली नाही. विचारण्याची गरजच नव्हती. ती सर्वांना ठाऊक होती. आज ज्याला शहराची ‘लवचिकता’ म्हणतात, ती पुष्कळ अंशी या माणसांची सक्तीची सोशिकता आहे.

देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. त्याच वर्षी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. माणूसपणाचा तो लढा सुरू असताना शहर आपली घाण कुठे टाकायची, हे ठरवत होते. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटले, धूर साऱ्या शहरावर पसरला, तेव्हा बातमी झाली. गोवंडीच्या वस्त्यांतील श्रमिक, दलित, मुसलमान तो धूर आधीही गिळत होते आणि नंतरही गिळत राहिले.

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा नवा कायदा २०१३ चा. गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला किमान ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. भरपाई वाढली, मरणे थांबले नाही.

म्हणून ‘सहभाग’ या शब्दाशी माझे भांडण आहे. महापालिका, तज्ज्ञ आणि परदेशी जाळी एकत्र आली की सहभाग पूर्ण होत नाही. कंत्राटी सफाई कामगाराला कायम नोकरी, यंत्र, आरोग्याची हमी आणि योजना ठरवणाऱ्या बैठकीत मत मिळाले, तरच तो सहभागी. एरवी तो राबवून घेतलेला. खेड्यातल्या जातीच्या जाचातून सुटण्यासाठी आपली माणसे या शहरात आली. त्याच जातीचे काम हिरव्या शब्दांत गुंडाळून पुन्हा त्यांच्याच हाती येणार असेल, तर टिकणार काय आहे : शहर की जात?

उत्सर्जन शून्यावर आणण्याचा हिशेब जरूर मांडा. पण त्याच वहीत गटारातल्या मरणाचा आकडाही शून्यावर आणायची तारीख लिहा. आणि त्यासाठी २०५० ची वाट पाहू नका.