लारामीच्या पश्चिमेची ती मुलगी

फोनवर जाहिरात आली की आपण ती अंगठ्याने वर ढकलतो. पण शंभर वर्षांपूर्वीची एक जाहिरात कविता वाचावी तशी थांबून वाचायला हवी. आणि कवितेला विचारतो तसे अवघड प्रश्नही तिला विचारायला हवेत.

१९१६ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात नेड जॉर्डन या माजी पत्रकाराने मोटारींची कंपनी काढली. गाडीचं इंजिन कॉन्टिनेन्टल कंपनीचं, बाकीचे बरेच भागही बाहेरून विकत आणून जोडलेले. जॉर्डनचं स्वतःचं काय, तर गाडीचं रूप, रंग आणि शब्द. त्याच्या स्पोर्टी, उघड्या गाडीचं नाव होतं 'प्लेबॉय'. त्या नावाचं मासिक अजून तीस वर्षं दूर होतं. जॉर्डनने ते आयरिश नाटककार जे. एम. सिंगच्या नाटकावरून उचललं होतं.

जून १९२३मध्ये 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकात या गाडीची जाहिरात आली. शीर्षक, 'समव्हेअर वेस्ट ऑफ लारामी'. चित्रात गाडी आणि घोडेस्वाराची शर्यत. मजकुरात लारामीच्या पश्चिमेला कुठेतरी राहणारी, बेफाम घोडे वठणीवर आणणारी एक मुलगी. किंमत नाही, इंजिनाची ताकद नाही. आकडा एकच, अकराशे पौंड. तो घोड्याचा की गाडीचा, हेही धूसर. त्याआधीच्या बहुतेक मोटार-जाहिराती यंत्राची महती सांगायच्या. जॉर्डनने वारा, ऊन आणि संध्याकाळ विकली.

जाहिरातीच्या इतिहासात तिचं कौतुक होतं ते याचसाठी. मला मात्र यातच मेख दिसते. जॉर्डन खोटं बोलला, असं म्हणता येत नाही. त्याने पडताळून पाहता येईल असं काही सांगितलंच नाही! गाडी चढावर दमली तर तक्रार करता येते. गाडीत बसूनही आयुष्य कंटाळवाणंच राहिलं, तर तक्रार कुणाकडे करायची?

आता त्या मुलीकडे बघू. अमेरिकेत बायकांना देशभर मताचा हक्क मिळून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. अशा वेळी 'ही गाडी तिच्यासाठी बांधली आहे' असं सांगणं धीटपणाचं वाटतं. पण शेवटापर्यंत वाचा. कंटाळलेल्या वाचकाला सांगितलं जातं, गाडीत बस आणि त्या मुलीची वृत्ती सोबत घेऊन नीघ. सुरुवातीला जिच्यासाठी गाडी होती, ती शेवटी नुसती हवा होऊन जाते. तिला नाव नाही, तिच्या तोंडी एक वाक्यही नाही.

दोनच वर्षांनी, १९२५ साली, 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी आली. तिच्यातल्या जॉर्डन बेकरचं नाव जॉर्डन आणि बेकर या दोन मोटारींवरून आलं, असं अभ्यासक मानतात. ही जॉर्डन खोटं बोलते, गाडी वाईट चालवते, आणि त्यावरून कुणी टोकलं तर उलट उत्तरही देते. म्हणून ती माणूस वाटते. फिट्झजेराल्डने गाडीच्या नावाला बाई केलं. नेड जॉर्डनने बाईची गाडी केली.

कंपनी १९३१मध्ये बंद पडली. मंदी आली तेव्हा दुसऱ्यांच्या भागांवर उभ्या असलेल्या छोट्या कंपनीला सुंदर वाक्यं वाचवू शकली नाहीत. वाक्यं मात्र टिकली. आज आपल्या स्क्रीनवर बूट, अत्तर, फोन, सगळं त्याच रीतीने विकलं जातं. वस्तू कोपऱ्यात आणि मोकळेपणा मध्यभागी.

या जाहिरातीच्या जन्माची एक गोष्ट सांगतात. वायोमिंगमधून जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकीतून जॉर्डनला घोडा दौडवत आलेली एक मुलगी दिसली. त्याने सोबत्याला विचारलं, आपण कुठे आहोत? उत्तर आलं, लारामीच्या पश्चिमेला कुठेतरी.

गोष्ट छान आहे. फक्त त्याने विचारलं ते जागेचं नाव. तिचं नाही.