औषधाची मात्रा आणि त्रैराशिक

त्रैराशिकाच्या एका सराव पुस्तिकेत नुकतेच हे उदाहरण वाचले : ७० किलो वजनाच्या माणसाला औषधाची मात्रा ७०० मिलिग्रॅम, तर १० किलोच्या मुलाला किती? उत्तर अर्थातच १०० मिलिग्रॅम. आकडेमोडीत चूक नाही. चूक आहे ती न सांगता धरलेल्या गृहीतकात. मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस, हे ते गृहीतक.

ते जुनेच आहे. यंगच्या नियमात मुलाच्या वयाला 'वय अधिक १२' ने भागून प्रौढाच्या मात्रेने गुणतात. चार वर्षांच्या मुलाला ४/१६, म्हणजे पाव मात्रा. मग ते मूल १२ किलोचे असो की २० किलोचे! (हा यंग म्हणजे प्रकाशाच्या व्यतिकरणाचा प्रयोग करणारा थॉमस यंगच, तो डॉक्टर होता.) क्लार्कचा नियम वजन पाहतो : पौंडांतले वजन भागिले १५०. पुस्तिकेतले त्रैराशिक ते हेच.

पण शरीराचे व्यवहार केवळ वजनाच्या प्रमाणात चालत नाहीत. ७० किलोच्या माणसाच्या शरीराचे पृष्ठफळ सुमारे १.८ चौरस मीटर, तर १० किलोच्या मुलाचे सुमारे ०.५. वजन सातपट, पृष्ठफळ मात्र साडेतीनपटच. कित्येक औषधांचा निचरा होण्याचा वेग पृष्ठफळाशी अधिक जुळतो. त्या हिशेबाने वरील उत्तर सुमारे १९५ मिलिग्रॅम येते, जवळजवळ दुप्पट!

मग पृष्ठफळाचे सूत्र शिकवावे काय? तेही पुरत नाही. नवजात बालकाचे यकृत आणि मूत्रपिंडे अजून पक्व झालेली नसतात. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक मोठ्या मात्रेत दिलेल्या नवजात बालकांचा रंग राखाडी पडून रक्ताभिसरण कोसळते व ती दगावतात, हे १९५९ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झाले. औषध निकामी करून बाहेर टाकणे त्या शरीरांना जमले नव्हते. हे कोणत्याही भागाकारातून कळले नसते. म्हणूनच आज मुलांची मात्रा मुलांवरील अभ्यासातून ठरते, आणि तिच्यासोबत वयोमर्यादा व कमाल मात्राही सांगितलेली असते.

तेव्हा त्रैराशिक वर्गातून हद्दपार करावे असे नाही. ते योग्य जागी वापरावे. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा मुलांसाठी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असते. डॉक्टरांनी १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम सांगितले, तर किती मिलिलिटर द्यायचे? ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेले सिरप ६ मिलिलिटर. २५० मिलिग्रॅमचे ३ मिलिलिटर. आणि १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले थेंब केवळ दीड मिलिलिटर. घाईत थेंबांची बाटली घेऊन ६ मिलिलिटर दिले, तर पोटात ६०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट औषध जाते.

बाटलीतले द्रावण सर्वत्र सारखे असते, म्हणून तेथे त्रैराशिक खरे ठरते. शरीर तसे नसते. शिक्षकांनी रिकाम्या बाटल्या वर्गात आणून लेबले वाचून घ्यावीत, आणि प्रत्येक उदाहरणाआधी एक प्रश्न विचारावा : येथे समप्रमाण आहे, हे कशावरून? हा प्रश्न विचारायची सवय लागलेला विद्यार्थी उद्या घरी 'मोठ्याला एक गोळी, धाकट्याला अर्धी' हा हिशेब ऐकेल तेव्हा थांबेल, आणि डॉक्टरांना विचारू म्हणेल.