‘विनामास्क’ : महासाथीतील मुखपट्टी आणि लोकवृत्ती – एक चिकित्सा

प्रस्तावना

कोरोना महासाथीच्या काळात (२०२० ते २०२२) मुखपट्टीविषयी लोकांची वृत्ती हा महाराष्ट्रात विपुल चर्चेचा विषय ठरला. या चर्चेचा सूर मात्र बहुतांशी एकच होता. लोक बेशिस्त आहेत, बेफिकीर आहेत, दंड केल्याखेरीज ते ऐकणार नाहीत, असे निदान प्रशासनाने केले. वृत्तपत्रांनी ते उचलून धरले. आणि सुशिक्षित वर्गाने, त्यात प्राध्यापकवर्गही आला, ते फारशी शंका न घेता मान्य केले. प्रस्तुत लेखात या निदानाची चिकित्सा केली आहे. मुखपट्टीविषयीची अनास्था लोकस्वभावातून जेवढी आली, त्याहून अधिक ती सार्वजनिक भाषेने व शासनव्यवहाराने मुखपट्टीला जो अर्थ दिला त्यातून आली, असे येथे प्रतिपादन आहे.

एका शब्दाची घडण

या काळात मराठी वृत्तपत्रांतून ‘विनामास्क’ हा शब्द रूढ झाला. ‘विनामास्क फिरणाऱ्यांवर कारवाई’ हा मथळा वाचकांच्या अंगवळणी पडला. ‘विना’ या संस्कृत अव्ययाला इंग्रजी नाम जोडून झालेला हा समास ‘विनातिकीट’, ‘विनापरवाना’, ‘विनाहेल्मेट’ या शब्दांच्या पंक्तीत बसतो. ही सर्व अपराधाची नावे होत. विनातिकीट प्रवाशाला भीती असते ती तिकीट तपासनिसाची. तपासनीस नसला की तिकिटाची आठवण राहत नाही. ‘विनामास्क’ या शब्दाने मुखपट्टीही त्याच कोटीत नेऊन बसवली. ती आजाराशी संबंधित वस्तू न राहता तपासणीच्या वेळी दाखवावयाची वस्तू झाली. हनुवटीवर उतरवलेली आणि पोलीस दिसताच वर ओढली जाणारी मुखपट्टी सर्वांनी पाहिली आहे. तिच्याकडे निव्वळ बेशिस्तीचे चिन्ह म्हणून पाहणे अपुरे ठरते. लोकांना जो अर्थ शिकवला गेला, त्या अर्थाला ते वर्तन धरूनच होते.

चेहरा झाकण्याची जुनी सवय

मुखपट्टी ही आपल्याकडे परकी गोष्ट असल्याने लोकांनी ती स्वीकारली नाही, असेही एक स्पष्टीकरण दिले जाते. ते टिकणारे नाही. पुण्यासारख्या शहरात दुचाकीवरून जाणाऱ्या तरुणी महासाथीपूर्वी कित्येक वर्षे केवळ डोळे उघडे ठेवून स्कार्फ बांधत होत्या. मळणीच्या वेळी शेतकरी नाकातोंडाला उपरणे गुंडाळतो. धुळीत स्त्रिया पदर तोंडाशी धरतात. याहून महत्त्वाचे उदाहरण जैन साधुसाध्वींच्या मुहपत्तीचे आहे. स्थानकवासी व तेरापंथी संप्रदायांत ती तोंडाला बांधलेली असते. बोलताना सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये, ही तिच्यामागील धारणा. म्हणजे ‘माझ्या श्वासापासून दुसऱ्याचे रक्षण’ ही कल्पना महाराष्ट्रातील गावोगावच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली होती. कापडी मुखपट्टीमागील वैद्यकीय विचारही प्रामुख्याने हाच होता : लक्षणे नसलेल्या बाधित व्यक्तीच्या तोंडातून बाहेर पडणारे तुषार व सूक्ष्म कण उगमाशीच अडवणे. हा धागा सार्वजनिक प्रबोधनाच्या मुख्य प्रवाहाने हाती घेतला नाही.

त्याचा परिणाम लवकरच दिसला. झडप असलेल्या एन-९५ मुखपट्ट्या बाजारात लोकप्रिय झाल्या. अशा मुखपट्टीतून आत येणारी हवा गाळली जाते, परंतु बाहेर जाणारी हवा झडपेतून न गाळता निसटते. म्हणजे परिधान करणाऱ्याला संरक्षण आणि समोरच्याला धोका. जुलै २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य यंत्रणेला राज्यांना पत्र लिहून त्यांविरुद्ध इशारा द्यावा लागला. पैसे मोजून चांगली मुखपट्टी घेणारा हा वर्ग बेफिकीर खचितच नव्हता. मुखपट्टी कोणासाठी, हे मात्र त्याला कोणी समजावले नव्हते.

उपदेशातील विसंगती

लोकांच्या मनातील संभ्रमाला तज्ज्ञसंस्थाही काही अंशी कारणीभूत होत्या. एप्रिल २०२० च्या प्रारंभी केंद्र शासनाने घरगुती मुखपट्टी वापरण्याचा सल्ला दिला. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटना निरोगी व्यक्तींनी सरसकट मुखपट्टी वापरावी यास पुरेसा पुरावा नसल्याचे सांगत होती. ५ जून २०२० रोजी संघटनेने आपली भूमिका बदलली. नव्या पुराव्यानुसार मत बदलणे हा विज्ञानाचा दोष नव्हे; परंतु मत का बदलले, हे सामान्य माणसापर्यंत पोहोचले नाही. कारणाची जागा आज्ञेने घेतली.

त्या आज्ञेचे पालनही सर्वत्र सारखे झाले नाही. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात कठोर निर्बंध लागू होत असतानाच पंढरपूर-मंगळवेढा विधानसभा पोटनिवडणूक पार पडली आणि तिच्या प्रचारसभांना गर्दी झाली. भाजी विकणाऱ्या बाईला दंड आणि व्यासपीठावरील पुढाऱ्याचा चेहरा उघडा, हे दृश्य पाहणाऱ्याने नियम गांभीर्याने घ्यावा अशी अपेक्षा करणे कठीण आहे.

दंड आणि विश्वास

मुंबई महानगरपालिकेने ८ एप्रिल २०२० रोजी सार्वजनिक ठिकाणी मुखपट्टी सक्तीची केली. या सक्तीचा आधार होता १८९७ चा साथरोग कायदा व तत्कालीन भारतीय दंड संहितेचे कलम १८८. हा कायदा मुंबई-पुण्यातील प्लेगच्या वेळी झाला. त्या साथीतील घरझडत्यांनी उसळलेला क्षोभ आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेला गोळीबार महाराष्ट्राला परिचित आहे. २०२० मधील शासन परकीय नव्हते, म्हणून ही तुलना ताणणे अयोग्य ठरेल. तथापि रोगाशी लढताना प्रथम हाती येते ते दंडाचे साधन, ही प्रवृत्ती सव्वाशे वर्षांनंतरही शिल्लक होती, एवढे म्हणता येते.

पुढे मुंबईत दंडाची रक्कम २०० रुपये होती. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य शासनाने मुखपट्ट्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. त्यानुसार तीन पदरी मुखपट्टी ४ रुपयांना मिळावयाची होती. म्हणजे एका दंडाच्या रकमेत पन्नास मुखपट्ट्या आल्या असत्या. दंडामुळे रस्त्यावर मुखपट्ट्या दिसू लागल्या, हे नाकारता येत नाही. परंतु संसर्ग अधिक होतो तो बंद खोलीत, कुटुंबात, लग्नघरात; तेथे दंड करणारा पोहोचत नाही. तेथे केवळ समज उपयोगी पडते.

सक्तीला होणारा विरोध हा भारतीय स्वभावदोष मानण्यासही आधार नाही. इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतील सान फ्रान्सिस्को शहराने ऑक्टोबर १९१८ मध्ये मुखपट्टी सक्तीची केली. जानेवारी १९१९ मध्ये ती सक्ती पुन्हा लागू होताच तेथे ‘अँटी-मास्क लीग’ उभी राहिली.

बांगलादेशातील प्रयोग

याउलट उदाहरण शेजारच्या बांगलादेशाचे आहे. तेथील सुमारे ६०० गावांत नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात मोठा प्रयोग झाला. मुखपट्ट्या घरोघरी मोफत दिल्या, कारण समजावून सांगितले, कार्यकर्त्यांनी बाजारात व मशिदीत लोकांना प्रत्यक्ष आठवण करून दिली, आणि स्थानिक नेत्यांनी स्वतः मुखपट्टी वापरली. योग्य रीतीने मुखपट्टी वापरणाऱ्यांचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. लक्षणांसह झालेला, रक्ततपासणीने सिद्ध संसर्ग सुमारे ९ टक्क्यांनी घटला. मोबाइल संदेश व बक्षिसांचा मात्र वेगळा लाभ आढळला नाही. या यशाच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत : निम्म्याहून अधिक लोक तेव्हाही मुखपट्टीविना होते, आणि कापडी मुखपट्टीचा परिणाम शस्त्रक्रियेच्या मुखपट्टीइतका स्पष्ट नव्हता. तरीही गरीब ग्रामीण समाजात दंडाशिवाय वर्तन बदलू शकते, हे त्यातून सिद्ध होते.

समारोप

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रातील निर्बंध उठले व मुखपट्टी ऐच्छिक झाली. त्यानंतर ती झपाट्याने दिसेनाशी झाली. खोकणाऱ्या माणसानेही ती ठेवली नाही. दोन वर्षांच्या सक्तीनंतर एवढीही सवय उरत नसेल, तर लोक काय शिकले यापेक्षा त्यांना काय शिकवले गेले, हा प्रश्न अधिक उचित ठरतो.

पुढील साथ येईल तेव्हा महाविद्यालये व राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक पुन्हा रस्त्यावर असतील. त्यांच्या हाती पावतीपुस्तक नसावे. मुखपट्ट्यांचा गठ्ठा असावा आणि ती कोणासाठी बांधावयाची, हे दोन वाक्यांत सांगण्याची तयारी असावी. ‘लोक ऐकत नाहीत’ हे विधान करण्यापूर्वी सांगणाऱ्याने आपण काय सांगितले ते तपासले पाहिजे. वर्गातील विद्यार्थ्याबाबत चांगला शिक्षक हे करतोच. समाजाबाबतही त्याहून वेगळा न्याय असण्याचे कारण नाही.